डॉक्टर-रुग्ण संबंध : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

- प्रतिनिधी

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आणण्यात आला. तेथे न्यूरोसर्जन उपलब्ध नसल्याने रुग्णाला अन्यत्र हलवावे, असे कर्तव्यावरील निवासी डॉक्टरने नातेवाइकांना सांगितले. त्यावर जमावाने त्या तरुण डॉक्टरला इतकी मारहाण केली की, त्याच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्यानंतर पाहणीसाठी आलेल्या खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले आणि त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका नामांकित धर्मादाय रुग्णालयाने प्रसूतीसाठी आलेल्या महिलेच्या कुटुंबीयांकडे दहा लाख रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. पुढे त्या महिलेचा मृत्यू झाल्याने शहरात संतापाची लाट उसळली, आंदोलने आणि तोडफोडही झाली.

या तीन घटनांचे स्वरूप वेगळे आहे. पहिलीत अन्याय डॉक्टरवर झाला, तिसरीत अन्यायाची तक्रार रुग्णाच्या बाजूने होती आणि दुसरीत शासनाने करावयाच्या कामाचा जाब भलत्याच माणसाला विचारला गेला. परंतु तिन्ही घटनांनंतर झालेली चर्चा जवळजवळ सारखीच होती. 'डॉक्टर आता देव राहिला नाही, कसाई झाला' असे एका बाजूने म्हटले गेले; 'रुग्ण आता कृतज्ञ राहिले नाहीत' असे दुसऱ्या बाजूने सांगितले गेले. दोन्ही बाजूंनी हा प्रश्न माणसांच्या नीतिमत्तेचा ठरवून टाकला. वस्तुतः डॉक्टरांवरील विश्वास कमी होण्यामागे डॉक्टर अचानक वाईट झाले किंवा रुग्ण अचानक उर्मट झाले, एवढेच कारण असू शकत नाही. हा विश्वास ज्या व्यवस्थेवर उभा होता ती व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी उभी करावयाची दुसरी व्यवस्था कागदावरच राहिली, हे या दुखण्याचे खरे मूळ आहे. त्यामुळेच 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' अशी आपल्या उपायांची गत झाली आहे.

फॅमिली डॉक्टर गेला, तेव्हा काय गेले?

गिरगाव-दादरच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांत वाढलेल्या पिढीला फॅमिली डॉक्टर ही संस्था नव्याने सांगावी लागत नाही. लाकडी बाकडी, पडद्याआडचा कंपाउंडर, कागदाच्या पट्टीने डोस दाखविणारी मिक्श्चरची बाटली, आणि 'पैसे पुढच्या वेळी द्या' असे सांगणारे डॉक्टर. या साऱ्याभोवती आज स्मरणरंजनाचे वलय आहे. मात्र त्यातील सामाजिक रचना काय होती, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. तो डॉक्टर घरातील तीन पिढ्यांना ओळखत असे. कुटुंबाची ऐपत त्याला ठाऊक असे. मोठ्या डॉक्टरकडे कधी जावे, कोणाकडे जावे आणि शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे काय, याचा निर्णय त्याच्यामार्फत होई. म्हणजेच अपरिचित सर्जनवर रुग्णाने जो विश्वास टाकला, तो खरे तर फॅमिली डॉक्टरच्या हमीवर टाकलेला होता. शिवाय, तो डॉक्टर त्याच गल्लीत राहत असल्याने चूक झाली तर तोंड लपवायला त्याला जागा नसे.

तो काळ सोन्याचा होता, असे मानण्याचे मात्र कारण नाही. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला सुमारे अकरा तासांचा प्रवास करून पुण्यास आणण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता हाड बसविण्यासाठी अतिरिक्त जोर लावला गेला आणि त्या आघाताने तरुण दगावला, असे न्यायालयांनी ग्राह्य धरले. त्याचे वडील स्वतः दौंडचे वैद्यकीय व्यावसायिक होते. त्यांनी दाखल केलेल्या दाव्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला आणि नुकसानभरपाई ठरली तीन हजार रुपये. पंधरा वर्षांनंतर, तीही एका डॉक्टर पित्याला. रुग्णावर उपचार करावेत की नाही, कोणते करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यात या निकालाने पक्के केले. पूर्वी चुका होत नव्हत्या असे नाही. त्यांच्याबद्दल विचारण्याची रीत नव्हती, एवढेच. डॉक्टरवरील श्रद्धेत विश्वासाचा वाटा किती आणि नाइलाजाचा किती, हे तेव्हाही सांगणे कठीणच होते.

जे. जे. ते ग्राहक न्यायालय

या श्रद्धेला महाराष्ट्रात पहिला मोठा तडा गेला तो १९८६ च्या प्रारंभी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केलेल्या चौकशीत औषध खरेदी, औषध नियंत्रण यंत्रणा, रुग्णालय प्रशासन आणि राजकीय हस्तक्षेप यांची साखळी उघड झाली. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या औषधामागे किती हात असतात आणि त्यांतले किती डॉक्टरच्या नियंत्रणाबाहेर असतात, हे तेव्हा प्रथमच जनतेसमोर आले.

त्याच वर्षी ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. डॉक्टर या कायद्याच्या कक्षेत येतात काय, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी पडदा टाकला. 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालील 'सेवा'च आहे, असा निर्वाळा देण्यात आला. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये तेवढी यातून वगळण्यात आली. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात वैद्यकीय सेवेचा स्पष्ट उल्लेख नसल्याचा आधार घेऊन हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला होता. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या निकालाने रुग्णाला दाद मागण्याची जागा दिली, हे निःसंशय. तथापि त्याचबरोबर डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्याची भाषाही बदलली. डॉक्टर व्यावसायिक विमा उतरवू लागले. उद्या न्यायालयात विचारणा झाली तर हाताशी कागद असावा, म्हणून तपासण्यांची संख्या वाढली. या वाढलेल्या तपासण्या पाहून रुग्ण अधिक साशंक झाला आणि त्याची शंका पाहून डॉक्टर अधिक सावध झाला. शिवाय 'ग्राहक' हा शब्द येथे पूर्णपणे बसत नाही. भाजी घेताना माणूस चार ठिकाणी भाव विचारतो, माल पारखून घेतो. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाला अँजिओप्लास्टी हवी की नको, हे पारखता येत नाही. विकणारा आणि 'तुम्हाला हे घ्यावेच लागेल' असे सांगणारा एकच असेल, तर अशा बाजारात ग्राहकाचे हक्क पुरेसे नसतात. तेथे सल्ला आणि विक्री यांच्यामध्ये एखादी भिंत असावी लागते. पूर्वी ही भिंत फॅमिली डॉक्टर होता.

भिंतीला पडलेले भगदाड

त्या भिंतीचे पुढे काय झाले, याचे उत्तर वैद्यकीय क्षेत्रात सर्वांना ठाऊक असलेल्या एका शब्दात आहे: 'कट'. रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरला तपासणी केंद्राने, विशेषज्ञाने किंवा रुग्णालयाने बिलातील हिस्सा द्यावयाचा, अशी ही पद्धत. वैद्यकीय नीतिनियमांनुसार असे कमिशन देणे आणि घेणे दोन्ही गैरवर्तन ठरते. परंतु नियम आणि व्यवहार यांची गाठ पडत नाही. २०१७ मध्ये मुंबईतील एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने 'प्रामाणिक सल्ला, डॉक्टरांना कमिशन नाही' अशा आशयाचे फलक शहरात लावले, तेव्हा डॉक्टरांच्याच संघटनेकडून त्यावर आक्षेप घेतला गेला. सगळा व्यवसाय अशाने बदनाम होतो, असे म्हणणे होते. सामान्य वाचकाच्या दृष्टीने मात्र एखाद्या रुग्णालयाला 'आम्ही लाच देत नाही' अशी जाहिरात करावीशी वाटते, हीच गोष्ट पुरेशी बोलकी होती.

त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी समिती नेमली. मसुदा तयार झाला, त्यावर सूचना-हरकतीही मागविल्या गेल्या. पुढे मात्र तो बासनात गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयरोगावरील स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली. तोपर्यंत औषधयुक्त स्टेंटसाठी रुग्णाला लाख-सव्वा लाख रुपये मोजावे लागत. प्राधिकरणानेच जाहीर केलेल्या माहितीनुसार, कारखान्यातून रुग्णापर्यंत येताना सर्वांत मोठा नफा रुग्णालयाच्या पातळीवर मिळविला जात होता आणि काही बाबतींत तो साडेसहाशे टक्क्यांच्या वर होता. 'आमच्याकडून जास्त पैसे घेतले जातात' ही रुग्णांची तक्रार कल्पनेतली नव्हती, हे सरकारी आकड्यांनीच सिद्ध केले.

या स्थितीची अस्वस्थता डॉक्टरांमध्येही आहे, हे विसरून चालणार नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशातील ७८ डॉक्टरांशी बोलून खासगी वैद्यकीय क्षेत्रातील गैरप्रकारांचा लेखाजोखा मांडला. बोलणारे सगळे व्यवसायातलेच होते. कमिशन न देणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण येत नाहीत, मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्यावर शस्त्रक्रियांची आणि तपासण्यांची उद्दिष्टे लादली जातात, अशी त्यांची कैफियत होती. व्यवस्थेत प्रामाणिक राहण्याची किंमत ज्याची त्याने व्यक्तिशः मोजावयाची असेल, तर ती मोजणारे थोडेच असणार.

या साऱ्याला पैशाची पार्श्वभूमी आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारपणाच्या ऐन वेळी, उसनवारी करून, दागिने गहाण ठेवून उभे करावे लागतात, असाच याचा अर्थ. सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. रुग्णशय्येशेजारी उभे राहून जेथे पैशांची बोलणी करावी लागतात, तेथे विश्वास टिकणे अवघडच.

मार खातो कोण?

येथे या प्रश्नातील सर्वांत मोठी विसंगती समोर येते. रुग्णांच्या मनातील राग मुख्यतः अवाच्या सवा बिलांतून, अनावश्यक तपासण्यांतून आणि न मिळणाऱ्या उत्तरांतून साठलेला असतो. त्याचा स्फोट मात्र बहुतेक वेळा सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात होतो. मार खाणारा निवासी डॉक्टर पंचविशी-तिशीतला असतो. त्याला कोणतेही कमिशन मिळत नाही. त्याची पाळी अनेकदा सलग चोवीस तासांहून अधिक चाललेली असते. खाट शिल्लक नसणे, व्हेंटिलेटर बंद असणे, औषध बाहेरून आणावे लागणे, न्यूरोसर्जनचे पद रिक्त असणे, यांपैकी कशावरही त्याचा अधिकार चालत नाही. पण ही सारी कमतरता नातेवाइकांना सांगण्याचे काम त्याच्याच वाट्याला येते. व्यवस्थेचा चेहरा म्हणून तो समोर उभा असतो आणि चेहऱ्यावरच ठोसा बसतो.

खासगी रुग्णालयेही यातून सुटलेली नाहीत. ऑगस्ट २००१ मध्ये आनंद दिघे यांच्या निधनानंतर ठाण्यातील सिंघानिया रुग्णालयाची जमावाने जाळपोळ केली. राज्याच्या स्मरणातील ही सर्वांत विदारक घटना. उपचार घेत असलेल्या इतर रुग्णांना जीव मुठीत धरून बाहेर काढावे लागले. रुग्णालयावरील हल्ल्यात पहिला बळी इतर रुग्णांच्या उपचारांचा जातो, हे तेव्हाच दिसून आले होते.

करोनाच्या साथीत या दुटप्पीपणाचे दोन्ही टोकांचे दर्शन घडले. २२ मार्च २०२० रोजी देशाने डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या वाजविल्या. त्यानंतर महिन्याभरातच आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी केंद्राला साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढावा लागला. त्यात गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. दुसऱ्या बाजूला त्याच काळात खासगी रुग्णालयांच्या लाखोंच्या बिलांनी लोक हवालदिल झाले. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर दर निश्चित केले. सर्वसाधारण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महापालिकांनी बिलांचे लेखापरीक्षण सुरू केले आणि अनेकांची बिले कमीही करून घेतली. दर ठरविता येतात आणि बिल तपासता येते, हे या काळाने दाखवून दिले. साथ ओसरली आणि ही यंत्रणाही तिच्याबरोबर ओसरली.

एका कायद्याच्या दोन बाजू

डॉक्टरांवरील हल्ल्यांच्या प्रश्नावर महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. वैद्यकीय सेवा देणाऱ्यावर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई, अशी तरतूद त्यात आहे. प्रत्येक हल्ल्यानंतर या कायद्याची आठवण काढली जाते, तो अधिक कडक करण्याची मागणी होते. पण याच कायद्यात आणखी एक कलम आहे. वैद्यकीय हलगर्जीपणाचा फटका बसलेल्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी आणि त्यांना योग्य ठिकाणी दाद मागण्यास साह्य करण्यासाठी वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ आणि आरोग्य व्यवस्थापन या क्षेत्रांतील जाणकारांचे प्राधिकरण शासनाने नेमावे, असे ते कलम सांगते. कायदा करणाऱ्यांना नाण्याच्या दोन्ही बाजू दिसल्या होत्या. हल्ला थांबवायचा, तर तक्रारीला वाट द्यावी लागते. परंतु गेल्या दीड दशकात कायद्याची पहिली बाजू प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर फलकरूपाने लागली. दुसरी बाजू मोर्चे काढणाऱ्या डॉक्टरांच्या किंवा संतापलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात क्वचितच येते.

मग तक्रारदाराने जावे कोठे? पोलिसांकडे गेल्यास फौजदारी कारवाईचा मार्ग मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 'जेकब मॅथ्यू' खटल्यात २००५ मध्ये स्पष्ट केले की, डॉक्टरवर फौजदारी खटला चालविण्यासाठी हलगर्जीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे आणि तक्रारीला तज्ज्ञ डॉक्टरच्या मताचा आधार असला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर नोंदणीकृत डॉक्टरला उपचारांच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे धोरण समजण्याजोगे आहे. अटकेच्या भीतीने कोणी अवघड शस्त्रक्रियाच करणार नसेल, तर त्यात रुग्णाचेच नुकसान आहे.

ग्राहक मंचाचा मार्ग खुला आहे, पण लांबचा. कोलकात्यातील एका बड्या खासगी रुग्णालयातील उपचारांनंतर १९९८ मध्ये अनुराधा साहा यांचा मृत्यू झाला. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा हे स्वतः अमेरिकेत स्थायिक डॉक्टर. त्यांना सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली ती ऑक्टोबर २०१३ मध्ये. ज्याला वैद्यकाचे ज्ञान आहे, साधने आहेत आणि चिकाटी आहे, त्याला पंधरा वर्षे लागतात. दौंडच्या त्या पित्यालाही पंधराच वर्षे लागली होती. अर्धशतकात भरपाईची रक्कम वाढली; प्रतीक्षा होती तेवढीच राहिली.

उरते ती वैद्यकीय परिषद. व्यवसायाने स्वतःची शिस्त स्वतः राखावी, या विश्वासावर समाजाने डॉक्टरांना स्वनियमनाचा अधिकार दिला. त्याचे झाले काय? भारतीय वैद्यकीय परिषदेचे अध्यक्ष केतन देसाई यांना एप्रिल २०१० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने परिषद बरखास्त केली. संसदीय समितीने २०१६ मध्ये परिषदेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तिची जागा घेतली. परंतु नव्या कायद्यातही राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क डॉक्टरला स्पष्टपणे देण्यात आला आहे. रुग्णाचा त्या कलमात उल्लेख नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नवे नियम जाहीर केले आणि तीन आठवड्यांत ते स्थगित केले. न्याय करणारा आपल्याच बिरादरीतला असेल, तर त्याचा निःपक्षपातीपणा नुसता असून भागत नाही, तो दिसावाही लागतो.

नियम आहेत, पण भिंतीवर

नियमच नाहीत, अशी स्थिती मुळीच नाही. २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले की, तपासणीसाठी घेतलेल्या संमतीवर शस्त्रक्रिया उरकता येणार नाही; रुग्णाला समजेल अशा रीतीने माहिती देऊन संमती घ्यावी लागेल. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक झाले. अत्यवस्थ रुग्णाला आधी जीवरक्षक उपचार देणे आणि बिलासाठी मृतदेह अडवून न ठेवणे, हेही त्यात आले. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या आहेत. शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे.

पुण्यातील २०२५ च्या घटनेनंतर या सर्व तरतुदींची उजळणी झाली. त्या नव्या नव्हत्या. त्यांची तपासणी कोणी, कधी आणि कशी करावयाची, याचे उत्तर मात्र एखादा मृत्यू होईपर्यंत कोणाला द्यावे लागले नव्हते. नोंदणीचा परवाना देणारा महापालिकेचा आरोग्य विभाग स्वतःच अपुऱ्या मनुष्यबळाने गांजलेला. त्याने मोठ्या रुग्णालयाच्या दारात उभे राहून दरपत्रक तपासावे, ही अपेक्षा कागदावर शोभणारीच ठरते.

हे बदलावयाचे तर काय करावे लागेल? यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. २०१० च्या कायद्यातील तक्रार प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात खऱ्या अर्थाने कार्यरत करावे आणि तक्रार निकाली काढण्यास कालमर्यादा घालावी. बासनातला कट प्रॅक्टिसविरोधी मसुदा बाहेर काढावा. वैद्यकीय परिषदेत डॉक्टर नसलेल्या सदस्यांना निर्णायक स्थान द्यावे आणि रुग्णालाही अपिलाचा हक्क द्यावा. करोनाकाळात जमलेले बिलांचे लेखापरीक्षण, निदान तक्रार आलेल्या प्रकरणांत, कायम ठेवावे. सरकारी रुग्णालयांतील रिक्त पदे भरावीत आणि मृत्यूची वार्ता देण्याचे काम एकट्या निवासी डॉक्टरवर न सोपवता त्यासाठी वरिष्ठ डॉक्टर व समाजसेवा अधीक्षक उपस्थित राहतील, अशी पद्धत पाडावी. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमूल्यांचा समावेश झाला आहे. परंतु दिवसाला शेकडो रुग्ण तपासणाऱ्याला संवादासाठी वेळही लागतो, आणि वेळ अभ्यासक्रमातून मिळत नाही. तो पदे भरल्याने मिळतो.

वाचकांच्या दृष्टीनेही यात काही आहे. शस्त्रक्रियेपूर्वी लेखी अंदाजपत्रक मागणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, कागदपत्रांची प्रत मागणे, हा अविश्वास नाही आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येण्याचे कारण नाही. उलट, प्रश्न विचारता न आल्यानेच संशय साचत जातो आणि एखाद्या रात्री अपघात विभागात त्याचा भडका उडतो. त्याचबरोबर प्रत्येक मृत्यू हा कोणाच्या तरी चुकीचाच परिणाम असतो, हा समजही सोडावा लागेल. वैद्यकाच्या मर्यादा मान्य केल्याखेरीज वैद्यावर विश्वास ठेवता येत नाही.

डॉक्टरला देव मानण्याचा काळ परत येणार नाही आणि येऊही नये. देवाला हिशेब विचारता येत नाही, दरपत्रक लावायला सांगता येत नाही. डॉक्टर हा शिकलेला, दमणारा, चुकणारा आणि बहुतेक वेळा मनापासून झटणारा माणूस आहे, एवढे मानले तरी पुरेसे आहे. तशा माणसावर विश्वास ठेवायचा, तर त्याच्या पाठीशी सुसज्ज रुग्णालय हवे आणि त्याच्या चुकीचा जाब विचारणारी जागाही हवी. या दोन्ही गोष्टी देण्याची जबाबदारी शासनाची आहे. ती पार पडेपर्यंत धुळ्यातला डॉक्टर आणि पुण्यातला रुग्ण, दोघेही एकाच आगीत होरपळत राहतील आणि बंब मात्र सोमेश्वरीच उभा असेल.